खुराड्याचा बंदोबस्त

1981 साली जालना जिल्हा औरंगाबादेपासून वेगळा झाला, त्या सुमारास मी महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू झालो आणि निजामी अमदानीतल्या उर्दू मिसली उंदरांनी कुरतडल्याचे पंचनामे पुढे कितीतरी वेळा माझ्याच हाताने लिहिले. तथापि ज्याचा बंदोबस्त दप्तरखान्यात कधी साधला नाही, तोच प्राणी निवृत्तीनंतर अंबडच्या माझ्या परसात, मत्स्योदरीची टेकडी जेथून दिसते त्या गावरान कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, मला पुन्हा गाठील, अशी कल्पना मी केलेली नव्हती.

चैत्राचे दिवस होते. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली मांडलेल्या 12 अंड्यांपैकी 9 फुटली होती आणि घरात जणू बारशाचा उत्साह होता. चौथ्या दिवशी पहाटे खुराड्याचे दार उघडले, तो पिले पाचच. कोपऱ्यात, भिंत आणि जमीन जेथे मिळतात तेथे, ओंजळभर ताजी, भुसभुशीत काळी माती बाहेर लोटलेली होती आणि तिच्यावर पिलाच्या अंगावरची मऊ लव चिकटली होती. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यामुळे दिवसा घारीवर झडप घालणारी ती माउली उरलेली पिले पंखाखाली घेऊन निमूट बसली होती.

पंचनाम्याची जुनी सवय उफाळून आली आणि मी गुडघे टेकून तपास आरंभिला. घुशीचेच काम होते, यात संदेह उरला नाही. आमच्याकडची काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. या ओढाताणीत खुराड्याखालचा पातळ कोबा भिंतीलगत तडकला होता. त्यातच रब्बीची ज्वारी निघून शिवार मोकळे झाले, की रानातले उंदीर-घुशी दाण्याच्या वासाने वस्तीकडे सरकतात. मी मोठ्या विश्वासाने लावलेली षटकोनी जाळी कोंबडीला आत राखण्यापुरती ठीक होती. परंतु जेथून माणसाचा अंगठा जातो तेथून उंदीरही अंग चोरून जातो, हे ती विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

प्रथम पिंजरा आणला. त्यात लावलेले भजे तीन रात्री वाळत राहिले. कारण उंदीर अनोळखी वस्तूजवळ एकाएकी फिरकत नाही, पिंजरा काही दिवस नुसताच उघडा ठेवून त्यात खाऊ घालावा लागतो, हे मला मागाहून समजले. कोणी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या सुचविल्या. पण जी कोंबडी चमकणारा खडासुद्धा टोचून पाहते, तिच्या अंगणात विष पसरायला माझे मन धजेना.

अखेर शेजारच्या म्हातारीने, माझी ही धडपड कुंपणापलीकडून चार दिवस पाहून, एका वाक्यात निकाल दिला : “अण्णा, उंदराला काहून शिव्या देता? रोज रातच्याला ताट तुम्हीच वाढून ठेवता की!”

खुराड्यात मक्याच्या भरड्याचे भांडे रात्रभर तसेच असे, सांडलेली ज्वारी तशीच असे आणि धान्याचे पोतेही तेथेच टेकवलेले असे. कोंबडीला अंडी उबवायला 21 दिवस लागतात आणि उंदरीणही साधारण तितक्याच दिवसांत विते. तेव्हा ताट वाढलेले असताना एकेक उंदीर मारीत बसण्याचा हिशेब कधीच जुळणार नव्हता. त्या दिवसापासून शिरस्ता ठरला : दिवेलागणीला भांडे उचलायचे, जमीन झाडायची, अंडी काढायची आणि धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. मग गवंडी बोलावून तडे बुजविले, अर्ध्या इंचाच्या घरांची जाड वेल्डेड जाळी चहूबाजूंनी ठोकली आणि तिची किनार भिंतीच्या पायथ्यापासून हातभर बाहेर दुमडून जमिनीखाली पुरली. लाकडी दाराच्या खालच्या कडेला पत्रा मारला. कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजविण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते.

निकाल कळावा म्हणून मी रोज रात्री भिंतीलगत चुलीची राख पसरू लागलो. सातव्या की आठव्या सकाळी तिच्यावर खुणा उमटलेल्या दिसल्या : पुढच्या पायाची चार बोटे, मागच्याची पाच आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ. घूस थेट भिंतीला भिडली होती. तिने तेथेच बोटभर खणले होते, खाली जाळी लागली होती, शेजारी सरकून पुन्हा खणले होते. अशी पाच खळगी एका ओळीत होती. हातभर मागे सरून खणले असते, तर वाट मिळाली असती. पण भिंत सोडून मागे सरावे, हे तिला सुचले नव्हते. आणि मलाही चार पिले जाईपर्यंत, पिंजऱ्यावरची नजर काढून भरड्याच्या भांड्याकडे वळवावी, हे कोठे सुचले होते?