टाकीचें झांकण

आमची मोटार-सायकल शंभर घनसेंटिमीटरची, जुन्या घडणीची, कार्ब्युरेटरवर चालणारी आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. तेव्हांपासून बहुतेक नव्या गाड्यांत संगणकाच्या आज्ञेनें पेट्रोल फवारलें जातें, आणि कांहीं बिघडल्यास समोरचा दिवा लागून तें कळतें. आमच्या गाडीला अशी वाचा नाहीं. ती नुसती गुदमरते; कां गुदमरते, तें आपलें आपण ओळखावें लागतें. तें ओळखतांना आमची जी फजिती झाली ती विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असें बरेच दिवस मनांत होतें. आम्ही शाळेंत व्याकरण शिकवितों, यंत्रशास्त्र नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमचें बिऱ्हाड वाईस आणि शाळा वर पांचगणीस. मध्यें पसरणीचा घाट. भर पावसाळ्यांत आम्ही एस्. टी. नें जात-येत होतों. गणपती झाल्यावर गाडी बाहेर काढली. सपाटीवर ती उत्तम चालली. चढण लागली, दोन-तीन वळणें मागें पडलीं, आणि आम्हीं रेस वाढविली. तों गाडी पुढें झेपावण्याऐवजीं मागें ओढूं लागली. मूठ जितकी अधिक पिळावी तितका जोर कमी! मूठ सैल सोडली कीं थोडी चाले, पुन्हां पिळली कीं आचके देई. शेवटीं कठड्याजवळ ती बंदच पडली. खालीं धोमचा जलाशय उन्हांत चमकत होता, पण ती शोभा पाहण्याचें मन कोणाचें? पहिल्या तासाची घंटा होण्यास बारा मिनिटें उरलीं होतीं. दहा मिनिटांनीं किक मारली, तर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी ती सुरू झाली, आणि पुढच्या वळणांवर पुन्हां तेंच.

वाईंत आमचा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवितो. दहावीस दोनदां नापास होऊन त्यानें शाळा सोडली होती. गाडी त्याच्याकडे नेली. त्यानें घाई केली नाहीं. आधीं टाकीचें झांकण उघडून पेट्रोल पाहिलें. मग म्हणाला, "क्लच घसरत असता तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि गाडी मागें राहिली असती. तुमचा तर आवाजच बसतोय, सर." मागचें चाक उचलून हातानें फिरविलें, तें मोकळें फिरलें, म्हणजे ब्रेक अडकत नव्हता. हवेची जाळी स्वच्छ केली. मग प्लग काढून आमच्यापुढें धरला. पेट्रोल जास्त होत असेल तर प्लगच्या टोंकावर काळी काजळी धरते. हें टोंक पांढुरकें पडलें होतें. "हिला पेट्रोल कमी पडतंय," एवढेंच तो बोलला.

त्याचें म्हणणें समजण्यास येथें थोडें थांबलें पाहिजे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास सुमारें पंधरा ग्रॅम हवा लागते. कार्ब्युरेटरच्या तळाशीं पेट्रोलची एक लहानशी वाटी असते, आणि टाकींतून पेट्रोल आपल्याच वजनानें तींत उतरतें. इंजिन मंद चालतांना लहान जेटमधून थोडेंसेंच पेट्रोल ओढलें जातें. मूठ पूर्ण पिळली कीं मोठें जेट कामास लागतें, आणि वाटी भराभर रिकामी होऊं लागते. ती तितक्याच वेगानें भरली नाहीं, तर हवा पुष्कळ व पेट्रोल थोडें अशी स्थिति होऊन, नेमका जोर हवा असतो तेव्हांच इंजिन ढिलें पडतें.

त्यानें वाटी धुतली, जेट फुंकून साफ केलें, टाकीचा कॉक पाहिला. गॅरेजपुढें दोन फेऱ्या मारल्या. गाडी बाणासारखी गेली. दुसऱ्या दिवशीं घाटांत पुन्हां तेंच! असें तीन वेळां झालें. तिसऱ्या वेळीं आमचा तोल गेला. गॅरेजांत चार गिऱ्हाइकें उभीं असतांना आम्ही त्याला म्हणालों, "शाळेंत कधीं लक्ष दिलें नाहींस, येथेंही तेंच चाललें आहे!" तो मान खालीं घालून हात पुसत राहिला. गाडी घेऊन आम्ही घरीं आलों. पण जेवण गोड लागलें नाहीं.

त्याच आठवड्यांत आईनें तेलाचा पंधरा किलोंचा डबा आमच्यापुढें ठेवला आणि बरणी भरून देण्यास सांगितलें. आम्हीं खिळ्यानें एक भोंक पाडून डबा कलता केला. तेल गचके खात, थेंबाथेंबानें येऊं लागलें. आई म्हणाली, "अरे, दुसरें भोंक कोण पाडणार? वारा आंत गेल्याशिवाय तेल बाहेर येईल होय?"

डबा तसाच ठेवून आम्ही बॅटरी घेऊन अंगणांत धांवलों. टाकीच्या झांकणावर पूर्वीं टांचणीच्या टोंकाएवढें एक छिद्र होतें. जुलैच्या पावसांत टाकींत पाणी शिरूं नये म्हणून तें आम्हींच, आपल्या हातांनीं, एम-सीलनें बुजविलें होतें! दोन महिन्यांत तें साफ विसरलों. पेट्रोल उतरे, पण त्याच्या जागीं हवा येईना. झांकणाच्या रबराकडून झिरपणारी हवा सपाटीवर कशीबशी पुरे, चढावर पुरेना. दहा मिनिटें थांबलें कीं हळूहळू ती भरून निघे. आणि गॅरेजांत गाडी चांगली कां चाले? कारण तो मुलगा प्रत्येक वेळीं प्रथम झांकण उघडून पेट्रोल पाही.

तरी आम्हीं अनुमानावर भिस्त ठेवली नाहीं. एकदां अनुमानानेंच तोंडघशीं पडलों होतों. रविवारीं छिद्र तसेंच बुजलेलें ठेवून घाटांत गेलों. ठरल्या वळणाजवळ गाडी बसली. झांकण फिरविलें, तों फुस्स करून हवा आंत गेली. लगेच किक मारली, आणि पांचगणी येईपर्यंत गाडी कुरकुरली नाहीं. वर पोंचल्यावर सुईनें तो गोळा कोरून काढला.

सोमवारीं गॅरेजांत जावयाचें होतें. सकाळीं तेथें कोणी नसतें. पण आम्ही बोललों होतों चारचौघांत, म्हणून संध्याकाळीं गर्दीच्या वेळीं गेलों. दोष आमचा होता व निदान त्याचें बरोबर होतें, हें सर्वांदेखत सांगितलें. सांगतांना आवाज थोडा अडखळला. त्यानें झांकण हातांत घेतलें, दिव्यापुढें धरून छिद्रांतून पाहिलें, आंत उरलेला तुकडा तारेनें काढला आणि जुनें रबर बदललें. "पावसाळ्यांत टाकीवर रेक्झिनचें कव्हर घाला, सर. छिद्र मोकळें राहतें," तो म्हणाला.

त्यानें वीस रुपये मागितले. मागच्या तीन वेळांचे पैसे त्यानें घेतलेच नव्हते, हें तेव्हां आम्हांस आठवलें. ते किती झाले म्हणून विचारलें.

"ते कशाचे, सर? गाडी कुठें बरी झाली होती?" असें म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीकडे वळला.