कागदावर आपलंही नाव हवं

मैत्रिणींनो, परदेशात जाऊन गाडी भाड्याने घ्यायची आणि ती आपणच चालवायची, असं म्हटलं की सगळ्यांना आधी रस्त्याची काळजी पडते. आमच्या पापडीत मी हा बेत बोलून दाखवला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, परक्या मुलखात कुठे रस्ते शोधत बसणार? त्यापेक्षा सगळ्यांबरोबर बसने हिंडा, जिवाला घोर नाही." सल्ला मायेचा होता. पण मॉरिशसमध्ये सहा दिवस भाड्याची गाडी घेऊन हिंडल्यावर माझं मत असं झालं आहे, की रस्ता जमतो. जास्त लक्ष द्यावं लागतं ते गाडी ताब्यात घेताना ज्या कागदावर सही करतो त्याच्याकडे. आणि त्या कागदावर घरातल्या बाईचंही नाव असावं. का, तेच आज सांगणार आहे.

मॉरिशस निवडण्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. तिथे आपल्यासारखीच गाडी डाव्या बाजूने चालते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड, मलेशिया, श्रीलंका इथेही तसंच आहे. अमेरिका, आखाती देश आणि युरोपचा बहुतेक भाग मात्र उजवीकडचा. पहिल्यांदाच जायचं तर डावीकडचा देश बरा, असं आम्ही ठरवलं. दुसरं कारण मनातलं. १८३४ पासून आपल्याकडचे हजारो मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. ते ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आजही पाहायला मिळतो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मुलांना मराठी शिकता येतं. जन्मात कधी न पाहिलेल्या गावात हे ऐकून कसं आपलेपण वाटतं, नाही का?

आता कागदांचं सांगते. आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. एमएच ४८ चा नंबर देणाऱ्या आपल्या आरटीओकडेच तो मिळतो. अर्ज घरबसल्या संगणकावरून भरता येतो, सरकारी फी १००० रुपये आणि मुदत एक वर्षाची. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिला जातो. मात्र तो एकट्याने चालत नाही, मूळ लायसन्स जवळ हवंच. आणि सगळीकडे चालतो असंही नाही. चीनमध्ये तो मान्य नाही. तेव्हा ज्या देशात जायचं तिथला नियम आधी विचारून घ्यावा.

आमच्या ह्यांनी आपला अर्ज भरला, तसा मीही माझा भरला. पुष्कळ जणींचं लायसन्स लॉकरमधल्या पाटल्यांसारखं जपून ठेवलेलं असतं. काढलेलं असतं हौसेने, पण लग्नानंतर स्टिअरिंगला हात लागलेला नसतो. माझं तसं झालं नाही, कारण शाळेला जायला सकाळी बस वेळेवर मिळेल याचा भरवसा नसे. गिरीज-भुईगावच्या अरुंद वळणांवर, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं आणि समोरून बस, अशा रस्त्यावर जिने गाडी मागे घेतली आहे, तिने परदेशातल्या रस्त्याचं फार भय बाळगू नये.

विमानतळावर गाडी देणारा गृहस्थ फार नम्र होता. त्याने फॉर्म ह्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "चालक एकच ना?" हे म्हणाले, "हो, ही कशाला चालवतेय!" मी म्हटलं, "नाही, माझंही नाव घाला." दुसऱ्या चालकाचे रोजचे जादा पैसे पडत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. मी घरून वाचूनच गेले होते, की गाडीचा विमा फक्त कागदावर नाव असलेल्या चालकापुरता असतो. नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो आणि सगळा खर्च आपल्या अंगावर येतो. मग नवरा-बायको असोत, की बाप-लेक.

त्याच कागदात आणखी एक गोष्ट बघावी लागते. विमा असला तरी अपघातातली पहिली काही रक्कम आपणच भरायची असते. त्याला ते एक्सेस म्हणतात. शिवाय काच, टायर आणि गाडीचा तळ हे बऱ्याचदा विम्यात धरलेलेच नसतात. अनामत म्हणून ते आपल्या क्रेडिट कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, गाडी परत दिली की ती मोकळी होते. हे कार्ड बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्याच नावाचं मागतात, डेबिट कार्ड पुष्कळदा घेत नाहीत. आणि आपल्या कार्डावर परदेशातला व्यवहार आपण स्वतः चालू करून घ्यावा लागतो, नाहीतर ऐन वेळी फजिती. पेट्रोलचं म्हणाल, तर टाकी भरून मिळाली असेल तर भरूनच परत करायची.

आपण पूजेला भांडी भाड्याने आणतो तेव्हा काय करतो? पातेली मोजून घेतो आणि पोचा आलेलं असेल ते दुकानदाराला तिथल्या तिथे दाखवतो. गाडीचंही तेच करायचं. मी फोनवर चारी बाजूंचे, चाकांचे, काचेचे फोटो काढले. मागच्या बंपरच्या खाली एक जुना ओरखडा होता, तोही टिपून घेतला आणि त्या गृहस्थाला कागदावर लिहायला लावला. मुलं कंटाळली, "आई, चल ना!" म्हणून ओढू लागली. पण पाचच मिनिटं लागली.

तिथले रस्ते चांगले आहेत. मोटरवेवर वेग जास्तीत जास्त ११०, ठिकठिकाणी कॅमेरे. गल्लीबोळात गेलं की दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस, फूटपाथ नाही, मधूनच सायकलवाला. हे आपल्याला नवीन नाही. नवीन वाटते ती गोल चौकाची शिस्त. चौकात आधीच शिरलेल्या, उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची आणि आपण थांबायचं. कुणी हॉर्न वाजवत नाही. आपल्या नाक्यावरची सवय विसरायला मला दोन दिवस लागले.

चौथ्या दिवशी आम्ही शामारेलची सात रंगांची माती पाहायला गेलो होतो. डोंगरावर गाव आहे. मुलांना कडेवर घेऊन फोटो काढताना ह्यांच्या कमरेत एकदम अशी उसण भरली, की धड उभंही राहवेना. चेहरा पांढराफटक. कसंबसं दोघा-तिघांनी धरून मागच्या सीटवर आडवं केलं. मुलं गप्प झाली. दुपार टळत होती, आभाळ भरून आलं होतं, आणि आमचं हॉटेल खाली पश्चिम किनाऱ्यावर. मी किल्ली घेतली. केस नोयालकडे उतरणारा घाट वळणावळणाचा, वर पाऊस. दुसऱ्या गिअरवर हळूहळू उतरत, मागे गाड्या साठल्या की कडेला घेऊन त्यांना पुढे सोडत, तासाभराने आम्ही डॉक्टरच्या दारात पोचलो. त्या तासात माझ्या मनात इतर हजार काळज्या होत्या, पण "मला ही गाडी चालवायचा हक्क आहे का" ही एक काळजी नव्हती. पोलिसाने हात केला असता तरी मी कागद दाखवला असता. पुढचे दोन दिवस गाडी मीच चालवली.

परत देताना दुसराच माणूस होता. त्याने वाकून तो बंपरखालचा ओरखडा दाखवला आणि त्याचे पैसे सांगितले. मी न बोलता कागदावरची नोंद आणि पहिल्या दिवशीचा फोटो पुढे केला. "ठीक आहे, मॅडम," म्हणाला आणि विषय तिथेच संपला.

कुणी म्हणेल, यात एवढं काय? पण विचार करा. सौदी अरेबियात २०१८ च्या जूनपर्यंत बायकांना गाडी चालवायची परवानगीच नव्हती. आपल्याला ती कधीची आहे, तरी फॉर्म समोर आला की आपण सवयीने नवऱ्याकडे सरकवतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं आहे. धान्याच्या कागदावर आपलं नाव चालतं, मग गाडीच्या, बँकेच्या, घराच्या कागदावर का नको? यात नवऱ्यावर अविश्वास मुळीच नाही. त्याची कंबर धरली, तर घर पुढे न्यायला दुसरं कुणीतरी तयार हवं, एवढाच हेतू.

तेव्हा मैत्रिणींनो, परदेशी जायचा बेत असेल किंवा नसेलही, कपाटातलं लायसन्स काढून त्याची मुदत आजच बघा. संपत आली असेल तर वाढवून घ्या. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना नाक्यापर्यंत गाडी नेऊन आणा. आणि कुठलाही फॉर्म पुढे आला की आधी पूर्ण वाचा, मग विचारा, "यात माझं नाव कुठे आहे?"