आईच्या ओव्या

आमची माय शाळेत गेली नव्हती, पण गळ्यात गाणे होते. मेहकरकडच्या आमच्या खेड्यात पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की ओवी सुरू व्हायची. ज्वारी जात्यात, अन् माहेर, भाऊ, विठोबा, शेगावचे महाराज ओवीत. पुढे गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. माय मात्र निंदताना, नातवंडांचा पाळणा हलवताना गातच राहिली.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनाही (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी उतरवून ठेवली. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती १९५२ साली छापली गेली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी तर गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

शेवटच्या दुखण्यात मायचा आवाज बसला. नुसते ओठ हलत. माझी बहीण उशाशी वही घेऊन बसली आणि ओठांवरून ओळखून बेचाळीस ओव्या तिने लिहिल्या. आज माझी मुलगी त्या म्हणते.

बियाणे वर्षानुवर्षे कणगीत पडून राहिले तर उगवत नाही. गाण्याचेही तसेच आहे. घरात आजी असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. एखादी तरी ओवी लिहून घ्या, अन् लेकरांकडून म्हणवून घ्या.