तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

साताऱ्यात लेकीसाठी टूथपेस्ट घ्यायला गेले, तर दुकानदाराने कार्टूनवाल्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या ट्यूबच पुढे केल्या. एकीवर ‘फ्लोराइडमुक्त’, एकीवर ५०० पीपीएम, एकीवर १०००. लेक दोन वर्षांची, गोड लागलं की गिळणारी. मी सरळ दंतवैद्य बाईंकडे गेले.

बाईंनी आधी विचारलं, “पाणी कुठलं पिता?” आमच्याकडे नळाला कास तलावाचं पाणी, पण सुट्टीत मुक्काम माहेरी, कवठेमहांकाळ तालुक्यात, तिथे बोअर. खोल बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरू शकतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी त्याहून जास्त पोटात जात राहिलं, तर जबड्यात घडत असलेल्या कायमच्या दातांवर डाग उमटतात. पाणी तपासून घेतलं, प्रमाण मर्यादेत निघालं. मग बाईंनी १००० पीपीएमची, फार गोड नसलेली पेस्ट सांगितली. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये याहून जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि आकडा ट्यूबवर छापावाच लागतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट. एवढ्याशा मात्रेने कीड रोखली जाते आणि थोडी गिळली तरी घोर नाही.

माहेरी प्रश्न वेगळा होता. आई तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करते. सकाळी ती दात घासायला बसली की नात शेजारी बसून डबीकडे बोट नेई. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्येच बंदी आली. घरच्या तव्यावर कोण लक्ष ठेवणार?

“आई, डबी तिच्या हाताला लागू देऊ नकोस.”

“मी काय पोरीला लावणार हाय का?” आई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “पण बघून शिकतीया, ते खरं.” डबी फळीवर गेली. रात्री बेदाणे खाऊन पोर पेंगायला लागली की तिचे दात घासून द्यायचं काम आईने आपणहून घेतलं. पेस्ट मात्र मोजूनमापून मीच लावते.

मला मनापासून वाटतं, हे सगळं लसीकरणाच्या दिवशी, अंगणवाडीतच प्रत्येक आईला आणि आजीला सांगायला हवं. ब्रशचा रंग पोरांनी खुशाल निवडावा. ट्यूबवरचा आकडा, पेस्टची मात्रा आणि घासणारा हात मोठ्यांचाच हवा.