तलावपाळीच्या मधोमध

ठाणे स्टेशनावर मी आयुष्यात शेकडो वेळा उतरलो असेन, पण बहुतेक वेळा गाडी बदलण्यापुरताच. या वेळी भाचा म्हणाला, "मामा, बोटीत बसायचंय." म्हणून पश्चिमेला बाहेर पडलो. जांभळी नाक्याच्या बाजारात झेंडूचे ढीग, कोथिंबिरीच्या जुड्या आणि हातगाड्यांचे धक्के चुकवत दहा-बारा मिनिटं चाललो, तोच गर्दी एकदम सरली आणि समोर पाणी आलं. कागदोपत्री याचं नाव मासुंदा तलाव. रिक्षावाल्याला मात्र 'तलावपाळी' सांगावं लागतं.

पॅडलबोट हंसाच्या आकाराची होती. हंसाची चोच तुटकी आणि लाइफ जॅकेटला कुबट वास. दोन मिनिटांत माझे गुडघे बोलू लागले, तेव्हा वल्हवायचं काम भाच्याकडे सोपवून मी काठ न्याहाळत बसलो. आणि तेच बरं झालं. काठावरून तळं दिसतं, पण ठाणं बघायचं तर तळ्याच्या मधे यावं लागतं.

एका अंगाला कोपिनेश्वराचं शिखर. ठाणे म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांचं श्रीस्थानक, त्यांची राजधानी. या देवस्थानाचं नातंही त्यांच्यापर्यंत नेऊन भिडवतात. आजचं देऊळ मात्र पेशवाईतलं. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते 1760 मध्ये बांधवलं. आतली पिंड इतकी थोरली की दोन्ही हात पसरले तरी कवेत येत नाही. बिवलकरांना हे बांधता आलं त्याला कारण 1737 ची मोहीम. त्या वर्षी मराठ्यांनी ठाणे घेतलं, तेव्हा पोर्तुगीजांचा इथला किल्ला पुरता बांधूनही झाला नव्हता. जिंकलेल्या गावात देवळं उभी राहायला मग वीसेक वर्षं लागली आणि मराठ्यांच्या हातून गाव जायला त्यानंतर जेमतेम पंधरा. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं. त्या किल्ल्यात आता मध्यवर्ती तुरुंग आहे.

पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात रुजलेलं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च तळ्याजवळच राहिलं. कोपिनेश्वराची घंटा आणि चर्चची घंटा एकाच पाण्यावरून ऐकू येते. त्याचं ठाणेकरांना काही अप्रूप वाटत नाही, हे मला फार आवडलं.

बोट वळली तशी गडकरी रंगायतनची इमारत समोर आली. 1978 साली उघडलेलं हे नाट्यगृह राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं. नाटकवाले नुसतं 'गडकरी' म्हणतात. मध्यंतरातल्या इथल्या बटाटेवड्याची कीर्ती काही नाटकांपेक्षा जास्त टिकली आहे. दिवाळीच्या पहाटे याच काठावर नवे कपडे घालून तरुण मंडळी जमतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते तीही कोपिनेश्वराच्याच पुढाकाराने. म्हणजे शिलाहारांच्या गावाला सण साजरा करायला अजून हीच जागा लागते.

"मामा, आपण गोल गोल फिरतोय," भाचा वैतागून म्हणाला. खरंच फिरत होतो. सुकाणू एका बाजूला अडकलं होतं आणि मी इतिहासात. काठावरून बोटवाल्याने शिट्टी मारली. वेळ संपली होती.

अंधार पडायच्या सुमारास दिवे लागले आणि काठावर भेळ, शेंगदाणे, फुगेवाले यांची जत्रा भरली. आम्ही भेळ घेऊन कट्ट्यावर बसलो. शेजारी दोन आजोबा वाद घालत होते की पूर्वी ठाण्यात तळी साठ होती की त्याहून जास्त.

तुम्ही गेलात तर रविवार टाळा, संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचा आणि बोटीत बसायच्या आधी सुकाणू दोन्हीकडे वळतंय का, ते बघून घ्या.