मामंजींचे स्पीकर

मैत्रिणींनो, मामंजींचा जुना ॲम्प्लिफायर जळला आणि घरातला सकाळचा भैरव थांबला. ते काही बोलले नाहीत, नुसते स्पीकर पुसत बसायचे. मला बाई बघवेना! अर्धवेळ शाळेच्या पगारातून नवा घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "क्लास-डी घ्या, ३०० वॅट!" क्लास-डी हलका, फारसा तापत नाही, वीजही कमी खातो, हे खरंच. पण खोक्यावरचे बारीक अक्षर वाचले, तर ते ३०० वॅट ४ ओहमला, तेही १० टक्के डिस्टॉर्शन धरून! आमचे स्पीकर ८ ओहमचे. तिथे आकडा जवळजवळ निम्मा. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबलच. दहा बाय बाराच्या खोलीला ८ ओहमवर स्वच्छ ५० वॅट पुष्कळ झाले. तसलाच आणला. पहिल्या सकाळी मामंजींचा चहा गार झाला.