आषाढात सगळीच झाडं हिरवी

माण-खटाव, सांगोला, कर्जत-जामखेड या पट्ट्यात कुणी बंगल्याभोवती झाडं लावायला बोलावलं, की मी म्हणतो, वैशाखात येतो. आषाढात सगळीच झाडं हिरवी असतात, त्यावरून काही कळत नाही. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी; वर वीतभर माती, खाली मुरूम. इथं कोण तगलंय हे भर दुपारी शिवारातून चक्कर मारली की दिसतं. बांधावरच्या कडुनिंबाला कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नसतं, तरी चैत्रापासून तो नव्या पालवीनं भरलेला असतो. ओढ्याकाठच्या करंजाचंही तसंच. ओसरीपुढं ही दोनच. पळस फुलतो देखणा, पण ऐन त्या दिवसांत अंगावर पान नसतं. त्याला फाटकापाशी जागा.

माझा जीव मात्र अंजनावर. खानदेशातल्या खडकाळ, उघड्या टेकड्यांवर वाढणारं हे झाड. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. पहिली काही वर्षं ते वर हलतच नाही. सगळा जोर सोटमुळावर असतो, ते मुरमातल्या भेगा हुडकत खाली जात राहतं. मालक वैतागतात. “भाऊ, हे मेलंय का जितं आहे?” मी नखानं साल जराशी खरवडून आतला हिरवेपणा दाखवतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. मूळ एकदा ओलीला लागलं की फांद्या सुटतात, टोकं खाली झुकतात आणि जोडपानांची विरळ सावली पडते. असल्या झाडाचं डोक्याएवढं रोप आणण्यात अर्थ नाही; तोवर पिशवीच्या तळाशी मुळाचं वेटोळं झालेलं असतं. गुडघ्याएवढं रोप घ्यावं, किंवा सरळ जागेवरच बी टोकावं. पाणीही रोज चूळभर घालू नये, त्यानं मुळं वरच घुटमळतात. आठ-दहा दिवसांनी, पण खोलवर मुरेल असं द्यावं.

एवढं ऐकूनही लोक गुलमोहर मागतात. मूळचा मादागास्करचा, भराभर वाढतो, फुलला की डोळे निवतात, हे मलाही मान्य. पण मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. फारच हट्ट असेल तर एखादा लावतो, कुंपणाच्या लांबच्या कोपऱ्यात, गाडी उभी राहते तिथून दूर.